आपल्याच घरातून सभात्याग

भिंगार,
१२ मार्च १९७३

माननीय सरपंचसाहेब, तितरवाडी ग्रामपंचायत, यांच्या सेवेशी,

आपल्या पंचायतीच्या सदस्य मुक्ताबाई यांचा नमस्कार वि. वि.

मी बन्सीदादाकडे सुखरूप पोचले. इकडची सगळी मंडळी बरी आहेत, रतनवहिनींचा गुडघा सोडून. आत्याबाईंची कंबर कशी आहे ते कळवावं. तांबडीला कडबा एकदम पुढ्यात टाकू नका, ती निम्मा पायाखाली घालते आणि यंदा पेंढी डोळ्यांनी बघायला मिळत नाही. लोणच्याची बरणी फडताळात मागच्या बाजूला आहे. पोरांना बोर्डिंगात यातलं काही कळवू नका.

मायना वाचून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू द्यात. एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, आणि ते बायकोने नवऱ्याला लिहिलेलं नाही, सदस्याने सरपंचाला लिहिलेलं आहे. कारण सांगते.

तुम्ही एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दादाला चिठ्ठी पाठवलीत. ती त्याने जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचली. 'मुक्ता रुसून आली आहे, राग उतरला की गाडीत बसवून द्यावे.' जशी काही मी दळणाची पिशवी. तेव्हा पहिली गोष्ट ही की मी रुसलेली नाही. रुसायचंच असतं तर मागच्या दिवाळीत रुसले असते, माझ्यासाठी आणलेलं लुगडं तुम्ही तुमच्या बहिणीच्या अंगावर घातलंत तेव्हा. मी सभात्याग केलेला आहे. रुसणं वेगळं आणि सभात्याग वेगळा, आणि तो शब्द तुम्हीच मला शिकवलात.

आठवतंय का? मी भाकरी थापत होते आणि तुम्ही पडवीत रेडिओ मांडीवर घेऊन बसला होतात. मुंबईला विधानसभेत दुष्काळावरून वाद झाला आणि विरोधी सदस्यांनी सभात्याग केला, असं रेडिओवरची बाई सांगत होती. मी आतून विचारलं, म्हणजे काय केलं? तुम्ही म्हणालात, सरकारचं म्हणणं पटलं नाही म्हणून उठून बाहेर गेले. मी विचारलं, मग पुढं? तुम्ही म्हणालात, पुढं काय, कालवण वाढ. मी कालवण वाढलं. पण शब्द डोक्यात राहिला. उठून बाहेर जाता येतं, आणि त्याची रेडिओवर बातमीसुद्धा होते, हे मला नवीन होतं.

आता झालं ते तुमच्यासमोरच झालं, पण तुम्ही गावात भलतंच सांगत असाल म्हणून लिहून ठेवते. पंचायतीच्या खोलीत वाटपाच्या लाल मिलो ज्वारीची पोती रचलेली, म्हणून सभा आपल्या पडवीत. सात बाप्ये सतरंजीवर, आणि आम्ही दोघी बायकांच्या जागांवरच्या सदस्य, मी आणि रंगुबाई, सैपाकघराच्या उंबऱ्याशी. विषय एकच. दुष्काळी कामातून गावाला एक विहीर मिळणार, ती मारुतीपाशी खणायची का खालच्या वस्तीवर. तुमच्यासकट चौघं मारुतीच्या बाजूचे. सूर्यभान, रंगुबाई आणि दोघं वस्तीच्या बाजूचे. राहिले मी. सूर्यभान म्हणाला, आता मतं घ्या. तुम्ही टोपी सारखी केलीत, माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "चहाचं बघा जरा."

मी उठले. तुम्हाला वाटलं चुलीकडे चालले. मी पुढच्या दाराने बाहेर पडले. सभात्याग.

बाहेर आले आणि पंचाईत झाली. मुंबईचे विरोधक सभात्याग करून कुठे जातात मला ठाऊक नाही. त्यांना काहीतरी बसायची सोय असेल. माझी सभाच माझ्या घरात. मागच्या दाराने आत शिरावं तर चुलीपाशीच जाऊन पोचते, म्हणजे सभात्याग करून चहा केला असं झालं असतं. शेजारी टेकावं तर शेजारीण विचारणार, सभा सोडून इकडं कशी. अंगणात उभं राहावं तर तुम्ही सगळे पडवीतून बघताय. मी कडुनिंबापर्यंत गेले, तिथून रस्त्यापर्यंत गेले, आणि नेमकी पाथर्डीहून नगरला जाणारी गाडी धूळ उडवत येऊन उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, यायचंय का बाई. नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. कनवटीला भाड्यापुरते पैसे होते. गाडी सुटल्यावर बघितलं तर पायात तुमच्या वहाणा. दारात त्याच पुढे होत्या.

तरी आपणांस विनंती की मी रुसून माहेरी गेले नसून विहिरीच्या प्रश्नावर सभात्याग केला आहे, असं गावात चारचौघांत सांगावं. आत्याबाईंनाही सांगावं. त्यांना पटणार नाही, पण सांगावं.

कळावे,
सौ. मुक्ताबाई,
सदस्य, ग्रामपंचायत तितरवाडी

(पाकिटात घालते आहे. कार्डावर लिहिलं असतं तर पोस्टमास्तरांनी पाराजवळ वाचून दाखवलं असतं.)


भिंगार,
१९ मार्च

अहो,

आज सरपंचसाहेब म्हणून लिहायची उमेद नाही.

तुमचं पत्र पोचलं. आत्याबाईंच्या कंबरेला उतार आहे हे वाचून बरं वाटलं. तांबडीने पेंढी पायाखाली घातली हेही वाचलं. मी सांगितलं होतं. तुम्हाला अनवाणी पाथर्डीला जावं लागलं आणि तहसील कचेरीत लोकांनी दुष्काळाचा निषेध का म्हणून विचारलं, त्यावर मला खोटं कशाला सांगू, हसू आलं. वहाणा दुरुस्तीला दिल्यात म्हणून सांगायचं.

पत्रात तुम्ही ताबडतोब ये, असं तीनदा लिहिलंय. रुसव्याला मोठमोठी नावं देऊ नकोस, असंही लिहिलंय. आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं बारीक अक्षरात: 'विहिरीचा ठराव मारुतीपाशी मंजूर झाला, काळजी नसावी.'

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. विरोधी सदस्याने सभात्याग केल्यावर ठराव मंजूर होतोच कसा? माझी अशी समजूत की मी उठले म्हणजे सभा मोडली. नवरी मांडवातून उठून गेली तर भटजी पुढं लग्न लावत बसत नाही.

दादाला विचारलं. तो डेपोत युनियनचं काम करतो, त्याला सभा-ठरावातलं कळतं. तो आधी हसला. मग त्याला ठसका लागला, वहिनींनी पाठीवर थापट्या मारल्या, आणि पाणी पिऊन तो पुन्हा हसला. हसणं आटोपल्यावर मला विचारलं, तू होतीस तर वस्तीच्या बाजूने किती? मी म्हटलं, माझ्यासकट पाच. आणि मारुतीच्या बाजूने? म्हटलं, चार. दादा म्हणाला, मग तू उठून गेल्यावर चार आणि चार झाले. बरोबरी झाली की सरपंचाला आणखी एक मत देता येतं. ते त्यांनी दिलं आणि ठराव पास. मग तो म्हणाला, "मुक्ते, विरोधक सभात्याग करतात तो आपण हरणार हे पक्कं असतं तेव्हा. निषेध दाखवून येतात आणि पुन्हा आपल्या जागेवर बसतात. जिंकायच्या वेळेला उठून जाणारी विरोधक मी तरी तूच पहिली बघितली."

पुन्हा येऊन बसतात, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. कालवण मागितलंत.

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू. कारण इथे मी गप्प बसले नव्हते. नळावर बायका विचारायच्या, मधेच कशा आलात माहेरी? वहिनी सांगायच्या, डोळे तपासायला आली आहे. मी म्हणायचे, डोळे चांगले आहेत, मी सभात्याग करून आलेय. मग तो काय असतो ते समजावून सांगायचे, अगदी मास्तरणीसारखी. शेजारची बनुबाई तर भारावून गेली. परवा सासूने तिच्या हातच्या वरणाला नावं ठेवली, तर ही ताट तसंच टाकून उठली, सभात्याग केला म्हणाली, आणि येऊन आमच्या सैपाकघरात बसली. दिवेलागण झाली तरी हलेना. तिच्या नवऱ्याने दारात येऊन वहिनींना विचारलं, हे किती दिवस चालतं? वहिनींनी माझ्याकडे बघितलं. दादाने सांगितल्यावर मी बनुबाईकडे जाऊन शब्द परत घेतला. म्हटलं, बाई, उठून यायचं असतं ते पुन्हा जाऊन बसण्यासाठी. ती म्हणाली, मग काय उपयोग? मलाही तिला नीट सांगता आलं नाही.

पण हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. मला लंकाबाई दिसते हो.

तुम्ही पाण्याला जात नाही, तुम्हाला कसं दिसणार. वस्तीवरच्या बाया ओढा ओलांडून अर्धा कोस वर आपल्या विहिरीवर येतात. त्यांची माणसं कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली, मागे म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या. गावातल्या बाया म्हणतात, आधी आमचं भरू द्या. मग या कडेला बसतात, घागरीवर हात ठेवून, ऊन कलेपर्यंत. आणि मी गेले की सगळ्या बाजूला होतात, सरपंचीणबाई आल्या म्हणून. मी भरून घेते आणि मान खाली घालून निघते. सभेच्या आदल्या दिवशी लंकाबाईने माझी घागर उचलून द्यायला हात लावला आणि विचारलं, "बाई, तुमी पंच हाय ना? मग आमच्यासाटी हात वर करचाल का?" मला आजवर पंच कुणी म्हटलं नव्हतं. निवडणुकीत तुम्ही माझा अर्ज भरलात, समोर कुणी उभं राहिलं नाही, मी बिनविरोध आले, आणि तेव्हापासून तुम्ही मान हलवली की हात वर केला. मी लंकाबाईला म्हटलं, करीन.

तिला मी काय तोंड दाखवू? ती म्हणत असेल, ऐन वेळेला पळाली.

एक विचारते, खरं सांगा. तुम्ही चहाचं म्हणालात ते सहज, का मला तिथून उठवायला? तुम्ही मुद्दाम केलं असं मनात आणवत नाही. पण रात्री कुशीवर वळले की तेच मनात येतं. याचं उत्तर पाठवा. बाकीचं नाही लिहिलं तरी चालेल.

तुमची,
मुक्ता


भिंगार,
२६ मार्च

सरपंचसाहेब आणि अहो, दोघांनाही,

नमस्कार वि. वि. कानिफनाथ शिपाई काल येऊन गेला. त्याच्या हाती पाठवलेल्या शेंगा मिळाल्या. गुळाची ढेप मिळाली. पत्र मिळालं.

पत्र वाचून मी चकितच झाले. आजवर तुम्ही मला कधी 'प्रकृतीला जप' असं म्हटलेलं नाही. बाळंतपणातसुद्धा नाही. आणि आता लिहिता, 'माहेरी आली आहेस तर चार दिवस सुखाने राहा, घाई करू नये, वहिनींच्या गुडघ्याला तुझी मदत होईल, पाडवा झाल्यावर मी स्वतः न्यायला येईन.' वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, किती समजूतदार माणूस. मीही विरघळले, लपवत नाही. चुलीवरची भाकरी करपली तरी मी पत्र हातात धरून उभी होते. आठवड्यापूर्वी ताबडतोब ये म्हणणारा माणूस बदलला कसा, असं मनात आलं, पण म्हटलं, आला असेल कळवळा. मी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर पत्रात नव्हतं, तेही मी माफ केलं.

मग कानिफनाथला जेवायला वाढलं. तुम्ही त्याला काय बजावून पाठवलं होतंत ते त्याने दुसऱ्या भाकरीला सांगून टाकलं. म्हणाला, "सरपंच म्हनले, शुक्रवारच्या सभेचं बाईंजवळ काय बोलू नको. म्हनून मी काय बोलत न्हाई." आणि मग ताक पिता पिता सगळं बोलला. वस्तीवरच्या बायांनी अर्ज केला, सूर्यभानने तो पाथर्डीला पोचवला. गटविकास अधिकाऱ्यांनी ठराव परत पाठवला. चार-चार मतांवर सरकारी विहीर पडायची नाही, सगळ्या सदस्यांना बोलवा आणि पुन्हा मतं घ्या. शुक्रवारी दहा वाजता सभा. मी म्हटलं, मला नोटीस कशी नाही? तो म्हणाला, हाय की. सदस्य घरी सापडली न्हाई म्हनून दाराला डकवली.

कुठल्या दाराला?

आपल्याच की, म्हणाला.

म्हणजे सरपंचाने सरपंचाच्या बायकोची नोटीस सरपंचाच्या दाराला खळ लावून चिकटवली आणि स्वतःच तिच्याखालून येतोय-जातोय. कानिफनाथ म्हणाला, आत्याबाई रोज तिला हळदकुंकू लावतात, त्यांना वाटतं कसलं तरी यंत्र आहे. मला हसूही आलं आणि संताप इतका आला की मी ती गुळाची ढेप उंबऱ्यावर ठेवून वरवंट्याने फोडली. सगळ्या गल्लीला वाटली.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पहिल्या खेपेला माझ्या सभात्यागाने तुमचं काम झालं, म्हणून दुसऱ्या खेपेला मला माहेरी ठेवायची. गूळ-शेंगा घालून. एक सांगू का, ज्या सरकारला विरोधक बाहेर गेलेले बरे वाटतात, त्या सरकारला विरोधकाने आत बसूनच त्रास द्यायचा असतो. हे मला दादाने नाही शिकवलं, तुमच्या गोड पत्राने शिकवलं.

आता रागाचं संपलं. पुढचं लिहायला मला सकाळपासून जमत नव्हतं. दोनदा पाणी भरून आले, वहिनींच्या जात्याला टाकी लावून घेतली, तरी ते मागे लागलंच.

चहाचं तुम्ही म्हणालात ते खरं, पण त्याच्या आधी काय झालं ते आपल्या दोघांनाच माहीत आहे. माझा हात मांडीवरून उचलला होता. वर गेला नव्हता, पण पदराच्या बाहेर आला होता. तुम्ही तो बघितलात. तुमचा चेहरा एकदम उतरला, सूर्यभानसमोर, त्या सगळ्यांसमोर. तेव्हा तुम्हाला चहा आठवला. आणि मला, खरं सांगते, सुटल्यासारखं झालं. आता हात वर करावा लागणार नाही म्हणून. मी चहाचा राग घेऊन उठले नाही हो. मी तुमचा चेहरा बघून पळाले. सगळ्यांदेखत तुमच्याविरुद्ध हात वर करायचा धीर झाला नाही, आणि लंकाबाईला दिलेला शब्दही मोडवेना, म्हणून बाहेर पडले आणि त्याला सभात्याग म्हटलं. शब्द मोठा मिळाला होता, त्याच्या आड लपायला झालं. तेव्हा तुम्ही रुसवा म्हणालात ते चूक, पण मी सभात्याग म्हणाले तेही बरोबर नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. गावातली विहीरही तळाला लागली आहे, मी रोज दोर सोडते, मला माहीत आहे दोर किती वाढवावा लागतो. मारुतीपाशी विहीर झाली तर गावातल्या घरांना धीर येईल, हे तुमचं म्हणणं खोटं नाही. पण गावातल्या बाईला पाणी कमी आहे आणि वस्तीवरच्या बाईला पाणीच नाही. आणि मारुती सोडा, तुमचं खरं दुखणं सूर्यभान. विहीर वस्तीवर गेली की ती सूर्यभानची विहीर होणार. गाव म्हणणार, काकासाहेब सरपंचाचं त्याच्याच घरात चालत नाही, बायको सूर्यभानच्या बाजूला गेली. तुम्हाला त्यापायी झोप नाही, हे मला भिंगारहूनसुद्धा दिसतं.

म्हणून मी दादाला आणखी एक शब्द विचारून घेतला. मी म्हटलं, सरपंचाचा ठराव पडला तर सरपंच जातो का? दादा म्हणाला, नाही. ठरावाला विरोध म्हणजे ठरावाला विरोध. सरपंचाला घालवायचा तर वेगळा ठराव आणावा लागतो, त्याला अविश्वासाचा ठराव म्हणतात. दोन्ही निराळे. मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं, या वेळी अर्धवट ऐकून उठायचं नव्हतं. मग काय झालं, परत कोण बसतं, कोणाचं मत कधी धरतात, सगळं विचारलं. तो शेवटी जेवायला वाढ म्हणाला. मी म्हटलं, आधी सांगून होऊ दे.

तर आता नीट ऐका. मी गुरुवारी सकाळच्या गाडीने येते आहे. न्यायला येऊ नका, पाडव्यापर्यंत थांबणार नाही. आल्यावर घरचं सगळं नेहमीसारखं करीन, तांबडीचंही बघीन. रात्री मला समजावायला बसू नका, मीही तुम्हाला समजावणार नाही. नाही तर आपल्यापैकी एकाचं मन वळेल आणि दुसऱ्या दिवशी सभेत खोटं वाटेल.

शुक्रवारी मी उंबऱ्याशी बसणार नाही. सतरंजीवर बसेन, रंगुबाईलाही घेऊन. कुणी काही आणायला सांगितलं तर उठणार नाही. तुम्ही मतं घेतलीत की वस्तीच्या बाजूने हात वर करीन, आणि मोजून होईपर्यंत खाली आणणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटणार आहे. त्या वेळी खाली बघू नका. माझ्याकडे बघा.

सूर्यभान हसेल. हसू द्या. त्याला मी सभेतच सांगणार आहे की हात विहिरीसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. आणि उद्या त्याने या जोरावर तुमच्यावर अविश्वासाचा ठराव आणलाच, तर त्या दिवशीही मी उठून जाणार नाही. ज्या माणसाने मिलोचं पहिलं पोतं आपल्या घरी न नेता खालच्या वस्तीवर फोडलं, त्याच्यावर माझा विश्वास आहे. त्याच्या या ठरावावर नाही. हे दोन्ही एकाच बाईच्या मनात एकाच वेळी असू शकतं, हे मला या भिंगारच्या मुक्कामात कळलं, आणि तुम्हालाही कळावं म्हणून एवढी लांबण लावली.

आत्याबाईंना नमस्कार. दाराची नोटीस काढू नका, मी आल्यावर सही करून घेईन.

ठरावापुरती तुमच्या विरोधात,
अविश्वास आला तर तुमच्या बाजूने वर होणारा पहिला हात,

मुक्ता